कानापर्यंत किती गाणे पोचते?

१६ सप्टेंबर १९४३ रोजी मौलाना अबुल कलाम आझादांनी अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यातून एक लांबलचक पत्र लिहिले. विषय होता संगीत. पत्र नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावे होते, पण ते टपालात पडणार नव्हते. किल्ल्यात लिहिलेली अशी पत्रे आझाद स्वतःजवळच ठेवत गेले आणि सुटकेनंतर, १९४६ साली, ती ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आली. पंडित नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच किल्ल्यात लिहिले हे आजच्या अहिल्यानगरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच भिंतींआड गाणे ऐकण्याविषयी उर्दूत एक सुंदर दस्तऐवज तयार झाला, हे मात्र संगीताच्या पुष्कळ जाणकारांनाही माहीत नसते.

पत्रात आझाद आपल्या संगीतवेडाची हकिगत सांगतात. तरुणपणी कलकत्त्यात एका पुस्तकविक्रेत्याकडे त्यांना फकीरुल्लाचा ‘रागदर्पण’ हा फारसी ग्रंथ मिळाला. तिथल्या मदरशाचे प्राचार्य डेनिसन रॉस यांनी त्यांच्या हातात तो पाहिला आणि विचारले, हे तुम्हाला समजते का? भाषा समजत होती, विषय समजत नव्हता. ही गोष्ट आझादांच्या मनाला लागली. त्यांनी मसीता खाँ नावाच्या उस्तादांकडे शिकायला सुरुवात केली, सतार हातात घेतली आणि काही वर्षे मेहनत केली. आग्र्याला ताजमहालाजवळ चांदण्या रात्री यमुनेकडे तोंड करून सतार वाजवल्याची आठवण याच पत्रात आहे. इजिप्तच्या उम्म कुलसुमच्या आवाजाबद्दलही ते लिहितात, आणि तो आवाज त्यांनी ऐकला होता रेडिओवरून.

मी हे पत्र ध्वनिमुद्रिकांच्या परीक्षणावरच्या प्रकरणात आणले, त्याला कारण आहे. संगीत आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने आले, हे आझादांच्या लिहिण्यात प्रत्येक वेळी स्पष्ट असते. काही ग्रंथातून आले, काही बोटांतून आले, काही समोर बसून ऐकले, काही हवेतून रेडिओच्या पेटीत उतरले. किल्ल्यात मैफल नव्हती; होती ती एवढीच पुंजी. ध्वनिमुद्रिकेवर लिहिणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: हे गाणे माझ्या कानापर्यंत कुठून कसे आले, आणि वाटेत त्याचे काय झाले? गायक चांगला की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा. हा क्रम उलटा केला की परीक्षण गाण्याचे होतच नाही. ते यंत्राचे होते, किंवा परीक्षकाच्या आवडीनिवडीचे होते.

जुन्या तबकड्यांपासून सुरुवात करू. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे संपता संपता ती आपले नाव इंग्रजीत सांगते. आज ते ऐकताना गंमत वाटते, पण त्यामागे व्यवहार होता. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना कुठल्या तबकडीवर कोणाच्या नावाचे लेबल चिकटवायचे हे त्या उद्गारावरून कळे. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि ही गरज सरली. म्हणजे नाव सांगणारी तबकडी साधारण कोणत्या काळातली, याचा एक अंदाज तिथेच मिळतो.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकासमोर पत्र्याचा मोठा कर्णा असे. आवाजाच्या जोराने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हले आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. विजेचा, प्रवर्धनाचा काहीच आधार नाही. गळ्यातून जेवढी ताकद निघेल तेवढीच रेघ. त्यामुळे तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही. डग्ग्याचा खोल घुमारा हरवतो आणि चाटीचा आवाज तेवढा राहतो. गायक खालच्या सप्तकात उतरला की आवाज विरतो आणि तारसप्तकात एकदम अंगावर येतो. आता एखादा परीक्षक लिहितो, ‘खर्ज कमजोर, तारसप्तक कर्कश, तंबोऱ्याकडे दुर्लक्ष’. या तिन्ही गोष्टी कर्ण्याच्या आहेत. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले, काही वर्षांत ते भारतातही रुळले, आणि त्याच गायकांचे आवाज अचानक भरदार झाले. गळे तेच होते.

दुसरी गोष्ट वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत, बारा इंचीला चारच्या थोडे पुढे. ज्या बैठकीत एकाच रागाला तासभर दिला जाई, तिथून उठून गायकाने तीन मिनिटांत राग उभा करायचा. म्हणून विलंबित जवळजवळ नाहीसे झाले, आलाप दोन-चार स्वरवाक्यांचा उरला, मध्य किंवा द्रुत लयीची बंदिश, थोड्या बोलताना, चारदोन ताना आणि समेवर शेवट. ‘तबकडीने ख्यालाचा संकोच केला’ हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा लिहिले गेले आहे की ते सिद्ध झाल्यासारखेच वाटते. मला ते अर्धेच पटते. ज्यांना तासाभराचा ख्याल चिरून तीन मिनिटांत बसवावा लागला त्यांचे नुकसान झालेच. पण ज्यांनी तीन मिनिटांसाठी वेगळा घाट शोधला, त्यांनी एक स्वतंत्र कला निर्माण केली, आणि तिचे परीक्षण मैफलीच्या मापाने करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी याचे उत्तम उदाहरण आहे. खाँसाहेब १८७२ साली कैरान्यात जन्मले, मिरजेत स्थिरावले, १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना गेले. त्यांच्या आवाजाची पट्टी मुळातच उंच होती. ही तबकडी पहिल्यांदा ऐकताना फक्त मुखडा ऐकावा. दर वेळी तो परत येतो तेव्हा पहिल्या अक्षरावर पोचण्याची वाट निराळी असते: कधी खालच्या धैवतावरून षड्जाला लागून, कधी वरून मींडेने उतरत. तबला आणि साथीची पेटी मागे टाकून पुन्हा फक्त श्वास ऐकावेत. एकही श्वास स्वराच्या मध्यात तुटत नाही. तीन मिनिटांत झिंझोटीचा सगळा विस्तार येत नाही, येण्याचे कारणही नाही. पण ‘ध सा रे म ग’ या रागाच्या ओळखीच्या चालीत करुण रस किती भरता येतो, ते पुरते समजते. गदगच्या एका लहान मुलाने ही तबकडी ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. तबकडीतून गाण्यातले काहीच पोचत नसते तर हे घडले नसते.

हीच ठुमरी कुंदनलाल सैगल यांनी १९३५च्या ‘देवदास’मध्ये गायली. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात असे मी प्रत्येक नव्या श्रोत्याला सुचवतो. सैगल मायक्रोफोनच्या जवळ आहेत, आवाज दबलेला, स्वतःशीच बोलल्यासारखा. खाँसाहेबांचा आवाज बैठकीच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायला घडवलेला. एक श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ असे म्हणायची इथे सोयच नाही. दोन यंत्रे, दोन प्रकारचे श्रोते आणि गाण्याचे दोन हेतू आहेत. परीक्षकाने ते वेगळे करून दाखवले की वाचक दोघांनाही नीट ऐकू लागतो.

आता वेगाचा प्रश्न, ज्यात मोठमोठे परीक्षक फसलेले आहेत. आपण सरसकट ‘७८ची तबकडी’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात हा आकडा पक्का नव्हता. मिनिटाला सत्तर-बहात्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत वेग आढळतात. ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी पाचमध्ये गाणारा माणूस काळी चारमध्ये गाऊ लागतो. लयही शेकडा पाचने वाढते, ताना आणखी चपळ वाटतात, आवाज पातळ होतो. मग ‘विलक्षण तयारी’ अशी दाद जाते ती मोटारीच्या वेगाला. नव्याने प्रसिद्ध झालेल्या जुन्या संग्रहाचे परीक्षण करताना म्हणूनच हार्मोनियम जवळ असावी. गायकाची नेहमीची पट्टी कोणती होती हे समकालीनांच्या आठवणींतून बऱ्याचदा कळते. एकाच दिवशी ध्वनिमुद्रित झालेल्या चार बाजूंची पट्टी एकच येते का, हे तपासता येते. टेपवरच्या ध्वनिमुद्रणात आणखी एक खूण सापडते. पार्श्वभूमीला विजेची जी बारीक घरघर असते ती आपल्याकडे सेकंदाला ५० कंपनांची. ती वर-खाली झालेली असेल तर टेपचा वेग चुकला आहे, आणि किती चुकला हेही त्यावरून काढता येते.

तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात, लेबलाजवळ, बारीक कोरलेला एक क्रमांक असतो. संग्राहक त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. लेबल चुकू शकते, रागाचे नाव हमखास चुकते, पण हा क्रमांक मूळ मेणाच्या तबकडीबरोबर आलेला असतो आणि त्यावरून ध्वनिमुद्रणाचा काळ व मालिका लावता येते. भारतात या अभ्यासाला शिस्त आली त्यात मायकेल किनियर यांच्या सूच्या आणि १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेचा वाटा फार मोठा. सुरेश चांदवणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या चिकाटीने तबकड्यांच्या नोंदी केल्या, ते काम विद्यापीठांनी करायला हवे होते.

मराठीत संगीतपरीक्षणाची परंपरा तशी जुनी आणि समृद्ध आहे. तिचा एक धागा नगर जिल्ह्याला येऊन मिळतो. नेवाशाला जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तो पैस खांब आजही उभा आहे. १९४० साली प्रभातने ‘संत ज्ञानेश्वर’ काढला तेव्हा ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हे नगरचेच. १९१८ साली इथल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. चित्रपटाचे संगीत केशवराव भोळे यांचे. हेच भोळे ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर परखड, बारकाईचे लेख लिहीत. आवाज कसा लागतो, कुठे दाबला जातो, शब्द स्वरात कसा मिसळतो, याकडे त्यांचे लक्ष असे. नुसते ‘मैफल रंगली’ म्हणून भागवणारे वृत्तलेखन आणि गाण्याचे परीक्षण यांत फरक असतो, हे मराठी वाचकाला त्यांच्यासारख्यांनी शिकवले. संगीतकार म्हणून स्टुडिओत उभा राहणारा आणि परीक्षक म्हणून लिहिणारा माणूस एकच असणे ही दुर्मीळ गोष्ट. मायक्रोफोन आवाजाचे काय करतो हे भोळ्यांना हाताने माहीत होते.

त्या काळच्या चित्रपटगीतांत आणखी एक सापळा आहे. पडद्यावर ऐकू येणारे गाणे आणि तबकडीवर विकले जाणारे गाणे पुष्कळदा दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणे असत. तबकडीसाठी गाणे पुन्हा गायले जाई, कडवे गाळले जाई, लय वाढवली जाई. चित्रपटात ऐकलेल्या गाण्याची आठवण मनात ठेवून तबकडीवर लिहिले, किंवा उलट केले, तर एका गाण्याचे दोष दुसऱ्याच्या माथी जातात.

भोळ्यांनंतर वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आले. स्वर आणि लय ही दोन टोके मानून त्यांनी घराणी मांडली: किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या, आणि जयपूर दोहोंचा तोल साधणारे. ही मांडणी आजही परीक्षकांच्या हाताशी असते, आणि ती उपयोगीही आहे, पण तीन मिनिटांच्या तबकडीला ती जशीच्या तशी लावू नये. लयीशी आग्र्याचा गायक जे खेळ करतो त्यांना आवर्तने लागतात. तबकडीत आवर्तने मोजकीच. तिथे आग्र्याचा गायकही नुसता स्वरावर आणि मुखड्याच्या डौलावर उभा राहिलेला दिसतो. त्यावरून ‘घराण्याची शिस्त सोडली’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

ज्यांचे काहीच मागे नाही, त्यांचे काय? अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांच्या आवाजाची एक ओळही आपल्याकडे नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचाही आवाज ऐकायला मिळत नाही. अशा वेळी परीक्षकाला शिष्यांच्या तबकड्यांमधून मागे जावे लागते, आणि ते जपून करावे लागते. केसरबाई केरकरांचे गाणे म्हणजे अल्लादिया खाँचे गाणे नव्हे. ते खाँसाहेबांची तालीम पचवलेल्या एका प्रचंड ताकदीच्या बाईचे स्वतःचे गाणे आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सुवर्णतबकडीत त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण जयपूर घराण्याचा ख्याल म्हणजे काय हे त्या भैरवीतून कळणार नाही. जोडरागांची ती गुंफण, दोन स्वरवाक्यांच्या मध्ये न सुटणारा तो दम, यासाठी केसरबाईंच्या बाकीच्या तबकड्यांकडेच जावे लागेल.

एकाच गायकाची दोन वयांतली ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली की परीक्षकाला पुष्कळ शिकायला मिळते. कुमार गंधर्वांच्या बालपणीच्या तबकड्या आहेत: कोवळा, सणसणीत, मोठ्यांच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करणारा आवाज. पुढे १९४७ नंतर क्षयाने त्यांना वर्षानुवर्षे गाण्यापासून दूर ठेवले. देवासला बरे होऊन ते परत गाऊ लागले तेव्हा दम पूर्वीसारखा राहिलेला नव्हता. लाँग-प्लेवरचे त्यांचे छोटे छोटे, तुटक, टोकदार स्वरवाक्यांचे गाणे त्यातून आले आणि त्यांनी त्याची शैली केली. ही पार्श्वभूमी माहीत नसलेला श्रोताही ते गाणे भोगू शकतो, यात शंका नाही. परीक्षकाला मात्र ती माहीत असायलाच हवी. मल्लिकार्जुन मन्सूरांचेही तसेच. तरुणपणीच्या तबकड्या आणि साठीनंतरच्या लाँग-प्ले यांत एकाच माणसाचे दोन जन्म आहेत. ‘आवाज पूर्वीसारखा राहिला नाही’ असे लिहून मोकळे होणाऱ्याने त्या लाँग-प्ले ऐकल्याच नाहीत.

तबकडीचे एक बळ मैफलीला कधीच मिळत नाही: ती पुन्हा वाजवता येते. नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादला १९६९ मध्ये मेहेरबाबांना समाधी दिली गेली, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोल पोर्टरच्या ‘बिगिन द बिगीन’ या गाण्याची तबकडी सात वेळा वाजवली गेली. १९२५ पासून मौनात असलेल्या, ज्यांच्या स्वतःच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण नाही अशा बाबांसाठी, एक परदेशी गाणे सात वेळा. परीक्षकानेही पुनःपुन्हा ऐकावे, पण दर वेळी कान एकाच गोष्टीवर ठेवून. एकदा फक्त ताल. एकदा फक्त साथ. एकदा शब्द. आणि पहिल्या ऐकण्यात जे वाटले ते आधीच टिपून ठेवावे, कारण पाचव्या ऐकण्याला दोषसुद्धा ओळखीचा होतो आणि ओळखीचे सगळे आवडू लागते.

नव्या ध्वनिमुद्रणांकडे वळताना प्रश्न बदलतात. आज वेळेची अडचण नाही, कर्णा नाही, खरखर नाही. गायक एका खोलीत, तबलजी दुसऱ्या, मधे काच. चुकलेली जागा पुन्हा गाऊन जोडता येते. घसरलेला स्वर संगणकावर सरळ करता येतो. ख्यालात हे फार धोक्याचे आहे. आपला गंधार हा एका जागी ठोकलेला खिळा नसतो. दरबारीतला आंदोलित गंधार सरळ केला तर राग मरतो. नवे ध्वनिमुद्रण ऐकताना म्हणून मी मींडेचा शेवट ऐकतो. खऱ्या गळ्याची मींड मुक्कामाच्या स्वरावर किंचित सावरून बसते. दुरुस्त केलेली मींड तिथे कडेला चिकटते. तंबोरा खरा की यंत्राचा, हेही कळले पाहिजे. यंत्राचा तंबोरा ठरावीक आवर्तनात तोच तो आवाज देतो आणि जवारी लावलेल्या तारेत दर खेपेस होणारा सूक्ष्म फरक त्यात नसतो. यंत्र वापरणे हा गुन्हा नव्हे, प्रवासात आणि रियाजात ते उपयोगीच आहे. पण निगुतीने केलेल्या, किंमत लावून विकायला काढलेल्या ध्वनिमुद्रणात दोन तंबोरे का नाहीत, हे परीक्षकाने विचारायला हवे.

तबला पुढे आणि गायक त्याच्या बरोबरीने असे ध्वनिमिश्रण हल्ली सर्रास आढळते. मोटारीत, कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्याला सगळे सारखेच मोठे ऐकू यावे म्हणून हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर दाबले जाते. ख्यालाचा अर्धा प्राण त्या अंतरात असतो. कुजबुजीएवढा लावलेला मंद्र षड्ज आणि तारषड्जाची हाक एकाच पातळीवर आणून ठेवल्यावर गायकाने तासभर केलेली बढत ऐकणाऱ्याला कळणार कशी? परीक्षणात याबद्दल क्वचितच कोणी लिहिते. ‘ध्वनिमुद्रण स्वच्छ’ एवढे दोन शब्द शेवटच्या परिच्छेदात असतात.

जुन्या ध्वनिमुद्रणांची ‘सफाई’ हा तर वेगळाच छळ. खरखर काढताना वरची कंपने कापली जातात, आणि तीच कंपने आवाजाला धार देतात, तंबोऱ्याला जवारी देतात, ‘स’ आणि ‘श’ वेगळे ठेवतात. जास्त सफाई केलेल्या तबकडीतला गायक पाण्याखालून गातो आहे असे वाटते. माझे मत स्पष्ट आहे: खरखर चालेल, आवाज कापलेला चालणार नाही. कान पहिल्या अर्ध्या मिनिटात खरखरीला सरावतो आणि तिच्या पलीकडे जातो. कापून टाकलेला आवाज मात्र कितीही ऐकले तरी परत येत नाही. जुना संग्रह प्रसिद्ध करणाऱ्याने काय काढले, किती काढले, कुठल्या प्रतीवरून काढले, हे वेष्टनावर लिहावे. तबला, पेटी, सारंगी कोणाची, ठिकाण कोणते, तारीख कोणती, हेही. ही माहिती न देणाऱ्या प्रकाशनाला, गाणे कितीही थोर असले, तरी परीक्षकाने पूर्ण गुण देऊ नयेत.

हे सगळे पुण्या-मुंबईच्या मोठ्या संग्रहांपुरते नाही. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव अशा गावांत घरोघरी कॅसेटी पडून आहेत: गणेशोत्सवातले गायन, देवळातला भजनी कार्यक्रम, कीर्तनाचा सप्ताह, शिक्षकांच्या घरी झालेली बैठक. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेतला, कोरडा. टेपवर बुरशी येते ती दमट हवेत, त्यामुळे पारनेर-जामखेडकडच्या कॅसेटीची स्थिती कोकणातल्या कॅसेटीपेक्षा बरी असण्याची शक्यता जास्त. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीच्या मुसळधार पावसातली कॅसेट आधी हाताळावी. कोरड्या भागात शत्रू धूळ आणि पत्र्याच्या छपराखालची उष्णता. लाखेच्या जुन्या तबकड्या असतील तर त्या उभ्या ठेवाव्यात, आणि पुसायला स्पिरिट कधीही वापरू नये, लाख त्यात विरघळते. त्या लाँग-प्लेच्या सुईने वाजवू नयेत. ७८च्या खाचेला साधारण तिप्पट जाड टोकाची सुई लागते. कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे शाबूत असतील तर आधी ते तोडावेत, म्हणजे चुकून वर दुसरे काही मुद्रित होणार नाही.

संगणकावर प्रत करताना पहिली प्रत कच्ची ठेवावी: कुठलीही सफाई नाही, वेग बदललेला नाही, टाळ्या आणि खोकलेसुद्धा कापलेले नाहीत. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. फाइलच्या नावात गायक, राग, गाव, वर्ष. राग ओळखता आला नाही तर ‘राग?’ असे लिहावे. अंदाजाने लिहिलेले नाव पुढे पन्नास वर्षे खरे मानले जाते. कॅसेटच्या खोक्यावरच्या हस्ताक्षराचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाकावा. आणि त्या बैठकीला तबल्यावर कोण होते, पेटी कोणाची होती, बुवांनी मध्यंतरानंतर काय गायले, हे ज्यांना आठवते अशी माणसे अजून गावात असतील तर त्यांना ती कॅसेट आधी ऐकवावी आणि ऐकताना ती जे बोलतील ते फोनवर ध्वनिमुद्रित करून गाण्याशेजारीच जपून ठेवावे.